व्हॉल्व्ह : लक्षणे, प्राप्तिस्थाने आणि पुनर्जन्म

व्हॉल्व्ह ही काचेची, अंगठ्याएवढी किंवा फार तर लहान वांग्याएवढी, आतली हवा काढून घेतलेली नळी असते. पाठ्यपुस्तकात तिला निर्वात नलिका म्हणतात. पाठ्यपुस्तकाबाहेर कोणीही म्हणत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या बाजारपेठेत ‘निर्वात नलिका आहे का?’ असे विचारल्यास दुकानदार बोअरवेलचे सामान कुठे मिळते ते दाखवतो. नुसते ‘व्हॉल्व्ह आहे का?’ म्हटले तर अर्धा इंची की पाऊण इंची, असा उलट प्रश्न येतो. ‘रेडिओचा’ असा खुलासा केल्यावर तो चष्मा वर करून गिऱ्हाइकाच्या वयाचा अंदाज घेतो.

नळीचे काम समजायला सोपे आहे. आत एक तार तापते. तिच्याभोवतीच्या लेप दिलेल्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या धातूच्या प्लेटवर अडीचशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब असतो, म्हणून ते तिकडे धाव घेतात. वाटेत बारीक तारेची जाळी. जाळीवरचा दाब किंचित हलला की प्लेटकडे निघालेला सगळा लोंढा कमीजास्त होतो. कंडक्टरने एकदा दोरी ओढली की साठ माणसे, दहा टोपल्या आणि एक कोंबडा घेऊन धावणारी एसटी थांबते, तोच हा न्याय. दोन अवयवांची पहिली नळी जॉन अँब्रोज फ्लेमिंग या इंग्रजाने १९०४ मध्ये केली. जाळी पुढच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्टने घातली. नंतर ट्रान्झिस्टर आला आणि तेच काम न तापता, न फुटता आणि भाव न खाता करू लागला. वास्तविक तिथे विषय संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अजून तीन ठिकाणी आढळतो. पहिले ठिकाण ओटीवरचा रेडिओग्राम. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, त्यामुळे जिल्ह्याला हा प्रकार घरचाच. पोस्टातून परवाना काढून, चार पाय असलेला हा लाकडी ऐवज एकेकाळी समारंभाने घरात आला. त्यावर क्रोशाचा रुमाल आला आणि रुमालावर गणपती. आज वर गणपती आहे म्हणूनच तो भंगारात गेलेला नाही. दुसरे ठिकाण लाऊडस्पीकरवाल्याचा माळा. या धंद्यात ॲम्प्लिफायरला ‘मशीन’ म्हणतात. हळदी, लग्ने, सत्यनारायण आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका यांच्यावर पंचवीस वर्षे पोसलेले मशीन डीजे आल्यावर माळ्यावर गेले आणि आंब्याच्या फांदीला बांधायचे दोन कर्णेही त्याच्या सोबतीला गेले.

तिसरे ठिकाण फार्महाऊस. तिथला मालक शनिवारी मुंबईहून येतो. व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ असतो असे त्याने कुठेतरी ऐकलेले असते आणि त्यावर पैसे घातलेले असतात. ऊब खरी असते, एवढे कबूल करावे लागते. ईएल ३४ जातीच्या एका नळीची नुसती तार ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर घेते, म्हणजे साडेनऊ वॅट. चार नळ्या मिळून, रेकॉर्डवरच्या किशोरीताई आमोणकरांनी अजून ‘सा’ही लावलेला नसताना, खोलीत अडतीस वॅट सोडून मोकळ्या होतात. मे महिन्यात मुरबाडला ही सेवा कोणी मागितलेली नसते.

मशीन बिघडले की तिन्ही घरांत एकच निदान होते : व्हॉल्व्ह गेला. हे निदान बरेचदा चुकीचे असते. सर्वांत स्वस्त व्हॉल्व्ह कोणता, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ‘जो विकत घ्यावाच लागत नाही तो’ असे आहे, आणि तो इथेच मिळतो. दोन चॅनलच्या ॲम्प्लिफायरमध्ये डावीकडची नळी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावतात. खरखर नळीबरोबर गेली तर दोष नळीचा. जागेवरच राहिली तर दोष घराचा. घर म्हणजे नळी बसवायचा बेस. चार महिने पाऊस पिणाऱ्या या मुलखात बेसच्या पितळी जिभांवर हिरवा थर चढतो आणि तो नुसता खरवडल्याने कित्येक ‘मेलेल्या’ नळ्या उठून बसल्या आहेत. मग लाकडी पेन्सिलीने काचेवर हलकी टिचकी मारतात. स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखा टणत्कार आला तर आतले अवयव सैल झाले असे समजावे.

नळीच्या माथ्यावर किंवा कुशीला एक चंदेरी डाग असतो. बेरियमचा हा मुलामा उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. डाग आरशासारखा असला तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला तर काचेला कुठेतरी चीर गेली, हवा आत शिरली आणि पुढचे उपाय नळीवर न करता मालकाच्या मनावर करावे लागतात. याउलट ‘तार लाल दिसतेय म्हणजे व्हॉल्व्ह चालू आहे’ ही समजूत निराधार आहे. तार शेवटपर्यंत लाल दिसते. इलेक्ट्रॉन देणारा लेप संपलेला असतो, तरी दिवा पेटतच राहतो. समईत वात जळते म्हणून देव पावलाच असे कोणी म्हणत नाही, पण व्हॉल्व्हच्या बाबतीत म्हणतात.

तार सोडून प्लेटच लालबुंद होऊ लागली तर प्रकरण निराळे असते. गावात याला ‘आज मशीन चांगलं पेटलंय’ असे कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात मागच्या टप्प्यातला, चहाच्या किमतीचा एखादा कंडेन्सर गळत असतो; त्यामुळे जाळीचा लगाम सुटतो आणि नळी स्वतःला जाळून घेते. कंडेन्सर न बदलता नवी नळी लावली तर तीही त्याच संध्याकाळी सती जाते. मशीन उघडताना प्लग काढायचा असतो हे सगळ्यांना माहीत असते. मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही साडेतीनशे-चारशे व्होल्ट धरून बसतात हे एकदा शिकल्यावर कोणी विसरत नाही. वीज गेली आहे तोवर आत हात घालून घेऊ, हा विचार या भागात विशेष सुचतो, कारण वीज जाण्याच्या संधी भरपूर.

नळीच गेली, असे इतके करून ठरले तर तिचे नाव वाचावे लागते. युरोपीय नाव म्हणजे तिची पत्रिका असते. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर तार ६.३ व्होल्टची. ‘सी’ म्हणजे एका जाळीचा ट्रायोड; ‘सीसी’ म्हणजे एकाच काचेत दोन बिऱ्हाडे. ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवणारी ताकदीची नळी, ‘झेड’ म्हणजे एसीचा डीसी करणारी. आकडा आठने सुरू झाला तर पायाशी नऊ पिनांचा छोटा बेस, तीनने सुरू झाला तर आठ पिनांचा जाडजूड. एवढ्यावर ईसीसी ८३, ईएल ८४, ईएल ३४, ईझेड ८१ ही घराणी कुंडली न मांडता ओळखता येतात.

मात्र एकाच नळीची नावे गावोगाव बदलतात, आणि काटकसरीचा मार्ग याच गल्लीतून जातो. ईसीसी ८३ ही अमेरिकेत १२एएक्स७ होते आणि ब्रिटिश लष्करात सीव्ही ४००४. ईएल ८४ अमेरिकेत ६बीक्यू५ म्हणून नांदते. रशियात तिची जुळी बहीण ६पी१४पी. ज्या नावाने शौकीन विचारतात त्या नावाला भाव चढतो; ज्या नावाने कोणीच विचारत नाही ती नळी तशीच पडून असते. अर्थात नुसत्या चेहऱ्यावर जाऊन सोयरीक जुळवता येत नाही. रशियाची ६एन२पी ही स्वभावाने ईसीसी ८३ च्या जवळची, पण तिच्या तारेच्या पिना निराळ्या. तशीच नेऊन बसवली तर ती तापतच नाही आणि विकणारा ‘थंडीच्या देशातली आहे, वेळ लागतो’ असे सांगून वेळ काढतो.

‘पी’ अक्षराच्या नळ्या ही तर उपेक्षितांची आळीच. या नळ्या टेलिव्हिजनसाठी केलेल्या. सगळ्यांच्या तारा एका माळेत जोडायच्या, म्हणून प्रत्येकीचा व्होल्ट वेगळा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळ्यापांढऱ्या संचांबरोबर पीसीएल ८६ सारख्या नळ्या तालुक्यापर्यंत पोचल्या. ती स्वभावाने ईसीएल ८६ च आहे, फक्त तारेला सुमारे साडेतेरा-साडेचौदा व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायची तयारी असेल तर ही वधू हुंड्याशिवाय मिळते.

प्राप्तिस्थानांचा क्रम घरापासून सुरू करणे इष्ट. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओच्या नळ्या काढल्या आणि पुढची वीसेक वर्षे देशातल्या दुरुस्तीच्या दुकानांत हाच माल होता. त्यामुळे जुन्या रेडिओवाल्याकडे किंवा लाऊडस्पीकरवाल्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळलेल्या चारपाच ‘बेल’च्या नळ्या असण्याची शक्यता मोठी आहे. अडचण माल असण्याची नसते, माल मागण्याची असते. संवाद साधारण असा होतो :

‘काका, व्हॉल्व्ह आहेत का जुने?’

‘हायेत. पण इकायचे नाहीत.’

‘बरं, राहू दे मग.’

‘किती देशील?’

इथे घाई केली की व्यवहार फिसकटतो. काकांना पैसे नको असतात असे नाही, पण त्याआधी त्या मशीनवर कोणत्या आमदाराची सभा झाली, माळशेज घाटाच्या पायथ्याशी टोकावड्याला लग्नाच्या रात्री पाऊस आला तेव्हा मशीन वाचवायला स्वतःच्या अंगावरचा कोट कसा काढला, आणि आजकालच्या डीजेने भिंतींना तडे कसे जातात, हे सगळे ऐकणारे कोणीतरी हवे असते. सुमारे दोन चहांनंतर डबा खाली येतो. धसई हे याच तालुक्यातले गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले होते. व्हॉल्व्हचा व्यवहार मात्र आजही रोखीने होतो आणि पावती मागणे हा काकांचा अपमान समजला जातो.

घरात आणि माळ्यावर भागले नाही तर बाहेर पडावे लागते. मुरबाडला रेल्वे येणार, हे वाक्य तालुक्यात ऋतुमानासारखे येते-जाते, त्यामुळे प्रवास एसटीनेच. वाटेत उल्हासनगरची हद्द लागते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद इतका जुना आहे की त्यालाच आता व्हॉल्व्हसारखे मोल यावे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलेले हे शहर पाहून युद्धातला रेडिओचा माल अजून इथे निघेल, अशी आशा काही जण बाळगतात. निघते ते फर्निचर.

खरा बाजार ग्रँट रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. इलेक्ट्रॉनिक्सच्या या रांगेत मोबाईलच्या चार्जरपासून सगळे मिळते. व्हॉल्व्ह दुकानाच्या दर्शनी भागात कधीच नसतो. तो मागच्या फळीवर, जिन्याखाली, शेठच्या वडिलांच्या आठवणीत असतो. तिथून चोर बाजाराची मटन स्ट्रीट फार लांब नाही. ज्यांना माळशेज चढून पुण्याकडे जायचे असते त्यांच्यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. हिशेब मांडायला बसले की भाडे, वडापाव, दिवसाची रजा आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून घेतलेले दुसरे सामान धरून नळी मूळ किमतीच्या तिप्पट होते. म्हणून जाणकार हिशेब मांडत नाहीत.

जुनी नळी पारखण्याची कला आणि बैल पारखण्याची कला एकच आहे. पौष पौर्णिमेला तालुक्यातल्या म्हसा गावी जत्रा भरते. तिथे बैलाचे दात मोजले जातात, चाल पाहिली जाते आणि भाव रुमालाखाली बोटे धरून ठरतो. व्हॉल्व्हच्या बाजारात दातांच्या जागी चंदेरी डाग, चालीच्या जागी टिचकी. शिंगांना रंग दिलेला म्हातारा बैल इथेही असतो : कोणत्याही नळीवरची अक्षरे अंगठ्याने पुसून त्यावर नामांकित कंपनीचे नाव छापता येते. मलार्डच्या इंग्लिश नळ्यांना आणि टेलिफुंकनच्या जर्मन नळ्यांना शौकीन मागेल तो भाव देतात, म्हणून त्या नावाच्या नळ्यांचा पुरवठा कारखाने बंद पडल्यावरही आटलेला नाही. टेलिफुंकनच्या अस्सल ईसीसी ८३ च्या बुडाशी, पिनांच्या मधोमध काचेतच उठवलेली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. छापलेले नाव पुसता येते, काचेतला शंकरपाळा घालता येत नाही.

अक्षरे आधीच पुसली गेली असतील तर एक घरगुती इलाज आहे. नळी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची, बाहेर काढून तिच्यावर तोंडाची वाफ सोडायची. जिथे शाई होती तिथे धुके वेगळे बसते आणि आकडे क्षणभर दिसतात. ‘ईसी’ वाचेपर्यंत धुके विरते, म्हणून ती पुन्हा आत. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी काचेची नळी का आहे, याचे समाधानकारक उत्तर मात्र अजून कोणत्याही घरात मिळालेले नाही.

नव्या नळ्या आजही निघतात : रशियात व्होल्गाकाठच्या सारातोव्हला, स्लोव्हाकियात चाडत्साला आणि चीनमध्ये. जगातल्या गिटारवाल्यांनी हा धंदा जिवंत ठेवला आहे. हळदीच्या मशीनवाल्यांना त्याचा फुकटचा फायदा. मार्च २०२२ मध्ये रशियाने बऱ्याच मालाची निर्यात रोखली, त्यात नळ्याही अडकल्या. बंदी फार टिकली नाही. चढलेल्या भावांना मात्र उतरायची सवय नसते. टपाल आणि जकात धरून ताकदीच्या चार नळ्यांचा जुळवलेला संच साधारण एका बऱ्या शेळीच्या किमतीला पडतो, आणि हे माप सांगितले की गावात चर्चा थांबते. जुळवलेला संच म्हणजे चारी नळ्या सारखाच विद्युतप्रवाह घेणाऱ्या. पुश-पुल जोडणीत एक ओढते आणि दुसरी ढकलते. बैलजोडीतला एक बैल अंगचोर निघाला की नांगर जसा तिरका जातो, तसा इथे आवाज जातो. ईसीसी ८३ सारख्या लहान नळ्यांना मात्र जुळवाजुळवीची फारशी गरज नसते. त्या नीट वापरल्या तर दहा हजार तास सहज जातात, ताकदीच्या नळ्या दोन ते पाच हजार. म्हणून सगळ्या नळ्या एकदम बदलणे हा शेळीसकट गोठा विकत घेण्याचा प्रकार आहे.

नळी घरी आणताना ती हातातल्या पिशवीत असावी, एसटीच्या मागच्या सीटखाली नसावी. मागच्या चाकावरच्या सीटवर माणसांच्याही आतले अवयव सैल होतात. स्टीलचा डबा, कापूस आणि वर भाताचा पेंढा ही बांधणी इथे फुकट मिळते आणि परदेशी खोक्यांपेक्षा वाईट नाही.

बसवल्यानंतर तिची गाठ विजेशी असते. २३० व्होल्टच्या हिशेबाने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २६० मिळाले की तारेचे ६.३ चे ७.१ होतात, १७० मिळाले की पावणेपाचच्याही खाली. दहा टक्क्यांपलीकडचा फरक नळीला सोसत नाही. संध्याकाळी सगळे गाव एकदम दिवे लावते तेव्हा दाब बसतो, मध्यरात्री गाव झोपले की चढतो, आणि जुनी गाणी ऐकायची हौस नेमकी या दोन वेळांना येते. साधा स्टॅबिलायझर नळीपेक्षा महाग पडत नाही. पावसाळ्यात उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि पाल उबेला आतच मुक्काम करते. तिचा आणि चारशे व्होल्टचा परिचय झाला की मशीन पुन्हा ‘व्हॉल्व्ह गेला’ या निदानापाशी येते. मागे बारीक जाळी ठोकली की हे टळते.

उरतो प्रश्न काढलेल्या नळीचा. ती कोणी टाकत नाही. एवढी काच, एवढी चांदी, टाकवतही नाही. नवी ज्या खोक्यातून आली ते खोके रिकामे असतेच; जुनी त्यात नेमकी बसते. खोक्यावर ‘खराब’ असे लिहायला पेन शोधतात, पेन सापडत नाही, तेवढ्यात मशीन गाऊ लागलेले असते. खोके माळ्यावर जाते. दहा-पंधरा वर्षांनी घराला रंग काढताना ते खाली येते तेव्हा झाकण घट्ट, छपाई ताजी आणि आत कापसात नळी. ती बिस्किटाच्या डब्यात पडते किंवा भंगारवाल्याकडून लॅमिंग्टन रोडच्या मागच्या फळीवर पोचते. हिचा वापरच झालेला नाही, खोकेसुद्धा मूळचे आहे, असे विकणारा शपथेवर सांगतो. आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते खरेच असते.